निळ्याच्या समोरचा रंग

या, थोडे पुढे सरका. मागे बसलं की गोष्ट निम्मीच कानावर पडते आणि उरलेली निम्मी माणूस आपल्या मनाची घालतो. आज कुण्या संताची नाही, राजाची नाही, एका रंगाची गोष्ट सांगतो. म्हणजे त्या रंगापायी फसलेल्या बहीणभावाची, आणि दोघांच्या मधे उभ्या राहिलेल्या एका पोरीची. देवाचं नाव मधेमधे येईल, ती माझ्या जिभेची खोड आहे. पण गोष्टीत जे चुकलं ते माणसांचं, देवाच्या नावावर काही लावायचं नाही, एवढं आधी ठरवून घेऊ.

आजारी माणसाला घरात जे जे लागतं ते भाड्याने देणारं एक दुकान होतं. डोक्याकडून उचलता येणाऱ्या लोखंडी खाटा, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या, निजल्याजागी वापरायची भांडी. वडलांनी उभं केलं आणि मुलीच्या नि मुलाच्या हाती सोपवून ते देवाघरी गेले. जाताना एक रीत घालून गेले: खाट नुसती नोकराबरोबर धाडायची नाही. मालकाने स्वतः जायचं, खाट जोडायची, रोगी तिच्यावर नीट निजलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच जिना उतरायचा. दोन्ही मुलांनी ही रीत पुढे चालवली. भांडण झाल्यावरही चालवली. भांडणात माणसं बाकी सगळं मोडतात, पण वडलांची रीत मोडत नाहीत. ती मोडली असं दुसऱ्याला म्हणता यावं, म्हणून स्वतः जपून ठेवतात.

बहीण थोरली, तिला सगळे आक्का म्हणत. लग्न केलं नाही. भाऊ धाकटा, डोक्याला टक्कल पडलं तरी तो बाळच राहिला. बाळला बायको होती आणि एक मुलगी. मुलीला लहानपणी बोलण्याचा सपाटा होता म्हणून आत्याने तिचं नाव चिमणी ठेवलं, आणि ते चिकटलं.

भांडण एका खाटेवरून झालं. दुकानात एकच खाट उरलेली. आक्काने ती एका घरी सकाळी पोचवायचा शब्द दिला होता. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या घरचा माणूस आला, त्याच्या बापाला आडवं झालं की श्वास लागत होता. बाळने खाट उचलली आणि तिकडे नेऊन जोडली. आक्का म्हणाली, "मी शब्द दिला होता." बाळ म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा जीव वर येत होता." दोघांचंही खरं होतं. एकाचं खोटं असलं की भांडण मिटतं, कारण माफी कुणी मागायची ते ठरलेलं असतं. इथे दोघं वाट बघत बसले.

मग वाटणी झाली. खाटा निम्म्या, खुर्च्या निम्म्या, एक कुबडी जास्त निघाली तर ती मोडीत काढली. आक्का वरच्या रस्त्यावर राहिली, बाळने खालच्या रस्त्यावर गाळा घेतला. पाट्यांवर वडलांचंच नाव. एकीने त्याच्यापुढे 'मूळ' लावलं, दुसऱ्याने 'अस्सल'. राहिली वेबसाइट. ती चिमणीने केलेली. तिची मात्र निम्मीनिम्मी करायची गरज पडली नाही. सारखी प्रत काढून दोघांना एकेक मिळाली. आभाळाहून गडद, शाईहून फिका असा एक निळा दोन्हीकडे राहिला.

आणि चिमणीचंही तसंच झालं. दिवसा ती आत्याच्या दुकानात फोन आणि साइट बघायची, संध्याकाळी घरी वडलांचं काम. आत्याच्या मांडीवर वाढलेली पोर, तिला आत्या सोडवेना. आणि बाप काही सोडायची वस्तू नाही. तिला दोन्ही घरची ताटं हवी होती, एवढीच तिची हाव. म्हणून वाटणीच्या दिवशी दोघांनी वेगवेगळं बसवून एकच शब्द मागितला तेव्हा तिने तो दोघांनाही दिला: इकडचं तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. एक अक्षर जरी फुटलं तरी त्या घराचं दार बंद, हे आत्यानेही सांगितलं आणि बापानेही. दोघांचे शब्दसुद्धा सारखे होते. मूळ आणि अस्सल.

आता मुख्य गोष्टीकडे वळू.

एका बाईने आक्काच्या दुकानाची कुबडी चुकून बाळच्या दुकानात परत केली. साइट सारखी, नाव सारखं, तिचा काय दोष. बाळने ती नोकराच्या हाती वर धाडून दिली. पण धाडण्याआधी फडक्याने पुसली.

आक्काला ते पुसणं लागलं.

"माझ्या कुबडीला धूळ असते का?" ती म्हणाली. "चिमे, ही साइट बदल. हा निळा नकोच."

"आत्या, निळा चांगला आहे गं. बघितला की माणसाला धीर येतो."

"धीर त्याच्याही दुकानात येतो. तेच तर दुखणं आहे."

"मग कुठला करू?"

"त्याच्या एकदम उलटा."

चिमणीने कॉम्प्युटर आत्याकडे फिरवला. पडद्यावर रंगांचं एक गोल चाक होतं. ती समजावून सांगू लागली, "हे बघ, साइटला एक मूळ रंग असतो. घरात कर्ता माणूस असतो ना, तसा. बाकीचे सगळे त्याच्यावरून ठरतात. पाठीमागची ही फिकट निळी छटा, मथळ्यांची गडद, चौकटींची मधली. ही सगळी त्याच्याच रक्ताची. आणि हे एकच बटण नारिंगी आहे, 'आत्ता हवंय' असं. ते चाकावर निळ्याच्या बरोबर समोर आहे, म्हणून ते उठून दिसतं."

"म्हणजे सून," आक्का म्हणाली. "परक्या घरची, म्हणून नजरेत भरते."

"तसं म्हण. आता कर्ता बदलला की सगळ्यांना नवं वळण लावावं लागतं."

"लाव. कर्त्याच्या समोरचा कोण म्हणालीस?"

"नारिंगी."

"तोच कर."

त्याच आठवड्यात घरी जेवणं झाल्यावर बाळ एका गादीचं भोक बुजवत बसला होता. मान खाली ठेवूनच म्हणाला, "चिमणे, आपल्या साइटचा रंग बदलायचाय. वरच्या रस्त्यावरची साइट आणि आपली, फरकच नाही. मला तिच्या घरात भाड्याने राहिल्यासारखं वाटतं."

चिमणीने हातातलं ताट खाली ठेवलं. "हिरवा करू बाबा? छान दिसेल."

"हिरवा निळ्याच्या शेजारी असतो ना?"

"हो."

"मग नको. शेजारी राहून बघितलंय. मला बरोबर समोरचा दे."

मंडळी, चित्र डोळ्यांपुढे आणा. दोन माणसं एकाच जागी खांद्याला खांदा लावून उभी आहेत. दोघांनाही दुसऱ्याकडे पाठ करायची आहे. दोघं त्वेषाने गर्रकन वळतात आणि पुन्हा एकाच दिशेला तोंड करून खांद्याला खांदा लावून उभी राहतात. देवाने रंगांचं चाक गोल केलं ते उगाच नाही. सरळ रेघ केली असती तर माणसं एकमेकांपासून लांब जाऊ शकली असती.

चिमणीला हे तिथल्या तिथे दिसलं. बोलता येत नव्हतं. आत्याला "बाबाही नारिंगीच करताहेत" म्हटलं की बापाचं दार बंद, बापाला सांगितलं की आत्याचं. मग तिने नुसता धक्का देऊन बघितला.

"आत्या, समजा खालच्यांनीही रंग बदलला तर?"

"तो? त्याला गेलेला दिवा बदलायचं जिवावर येतं."

"बाबा, समजा वरच्यांनीही बदलला तर?"

"आक्का? कळायला लागल्यापासून मी तिचा एकच अंबाडा बघतोय."

मग तिने चोरटेपणा केला. आत्याचा नारिंगी चाकावर थोडा पिवळ्याकडे सरकवला, बापाचा थोडा लालाकडे. तेवढंच अंतर पडेल. पण ही दोन्ही माणसं खाटा स्वतः रंगवणाऱ्या बापाच्या हाताखाली वाढलेली. आक्का पडद्याजवळ नाक नेऊन म्हणाली, "हा समोरचा नाही. जरा बाजूला उभा आहे, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा. बरोबर समोरचा दाखव." बाळ लांबून एक डोळा मिटून म्हणाला, "ह्यात लाल घुसलाय. कुणी घातला?" दोन्ही नारिंगी परत मध्यावर आले.

रंग ठरला तरी काम संपत नाही. निळा हा सोशिक रंग, त्याच्यावर पांढरी अक्षरं लिहिली की निमूट दिसतात. नारिंगी तापट. त्याच्यावर पांढरं अक्षर टिकत नाही, नजर ठरेपर्यंत विरून जातं. ज्या घरी म्हातारं माणूस पडलंय त्या घरच्या माणसाने डोळे बारीक करून वाचायचं का? म्हणून चिमणीने नारिंगी गडद केला. अक्षरं लख्ख दिसली. आक्काने बघितलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हा गंज आहे."

"आत्या, अक्षरं बघ ना किती स्वच्छ आहेत."

"अक्षरं स्वच्छ आहेत आणि गंजावर आहेत. मी लोखंडी खाटा देते, चिमे. दारातच गंज लावू?"

घरी तिने उलटं केलं, रंग फिका केला आणि अक्षरं काळी. बाळने मान हलवली. "खोकल्याचं औषध. हे बघितलं की चमचा शोधावासा वाटतो."

शेवटी नारिंगी आहे तसा ठेवून अक्षरं जवळजवळ काळी, पण किंचित तपकिरी केली, ती दोघांना पटली. दोघांना तेच पटलं हे वेगळं सांगायला नको. मग आणखी एक अडचण. नंबर चुकला, पत्ता राहिला, असल्या सूचना लाल रंगात येत. निळ्यात तो लाल ओरडायचा. नारिंगीत तो कुणाला ऐकूच येईना. माणसं चूक करून पुढे जात आणि साइट आपल्या मनाशी लाजून लाल होई. त्या सूचनांना चिमणीने चौकट दिली, पुढे एक जाड ठिपका दिला. आणि 'आत्ता हवंय' हे बटण? ते नारिंगीच्या समोरचं हवं. नारिंगीच्या समोर कोण? ज्याला घराबाहेर काढलं तोच निळा. आक्काने बटण बघितलं आणि पुढचं पान दाखवायला सांगितलं. बाळनेही बघितलं. तो म्हणाला, "एवढा राहू दे. एवढा सगळीकडेच असतो."

अक्षरं वाचता येतात का हे चिमणी आईकडून तपासून घेई. आई चष्मा न लावता स्वयंपाकघराच्या एका टोकाला उभी राहायची आणि दुसऱ्या टोकाला पडदा. एके दिवशी चिमणी पाणी प्यायला उठली आणि आईने पडद्यावर दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडी बघितली.

"दोन ताटांत एकच भाजी वाढलीयस," आई म्हणाली.

"मी काही सांगितलेलं नाही हं. तूच बघितलंस."

"बघितलं. डोळ्यांचा शब्द कुणी घेतला नव्हता." आई भांडी पुसत राहिली. "आता काय करणारेस?"

"काय करू ते तूच सांग."

"बोललीस तर तू खोटी पडतेस. नाही बोललीस तर रंग खोटा पडतो. पडू दे रंगाला. त्याला नाक नसतं कापायला."

दोन्ही साइट नव्या रंगात सुरू झाल्या. आता तुम्ही विचाराल, दोघांनी एकमेकांची साइट बघितली कशी नाही? अहो, तोच तर मान होता. आक्काने ठरवलं होतं की त्या माणसाचं पान उघडायचं नाही, आणि बाळने ठरवलं होतं की त्या बाईच्या पानाकडे ढुंकून बघायचं नाही. वैर इतकं चोख पाळलं की वैऱ्याची खबरच लागेना. दोघं आपापल्या गल्ल्यावर बसून समाधानाने नारिंगी पानाकडे बघत, आणि आता आपलं वेगळेपण उठून दिसतं असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मग शिंप्याची मागणी आली.

एका शिंप्याची आई घरात पडली, मांडीचं हाड जोडून घ्यावं लागलं, आणि दवाखान्याने तिला घरी न्यायला सांगितलं. शिंप्याने फोनवर साइट उघडली, खाट निवडली, पत्ता लिहिला, खाट नक्की केली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. त्याची बाही मापून तो परत फोनकडे वळला, दुकानाचं नाव पुन्हा शोधलं, नारिंगी पान आलं. त्यावर त्याने गादी, खाटेचे कठडे आणि भांडं नक्की केलं. पहिलं पान आक्काचं होतं, दुसरं बाळचं. निळी बटणं दोन्हीकडे त्याने मन लावून दाबली.

दुपारी आत्याच्या दुकानात चिमणीला नुसत्या खाटेची मागणी दिसली. संध्याकाळी घरी नुसत्या गादीची. नाव एक, जिना एक, मजला एक.

तिने शिंप्याला फोन लावायला घेतला आणि परत ठेवला. त्याने विचारलंच असतं, मग कुणाकडचं रद्द करू? आणि एकाचं नाव सांगितलं की ती दुसऱ्याच्या बाजूची झाली असती. इतकी वर्षं तिने कुठल्याच बाजूला पाय ठेवला नव्हता. अर्ध्या खाटेवर मात्र आजारी म्हातारी निजू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याने विचारलं, "शिंप्याने गादी मागितली नाही?"

"गादीची सोय झालीय त्यांची."

"बरं. कधी नेऊ?"

"उद्या दुपारी. चहाच्या वेळेला."

संध्याकाळी बापाने विचारलं, "शिंप्याला खाट नकोय?"

"खाटेची सोय झालीय, बाबा."

"कधी जाऊ?"

"उद्या दुपारी. चहाच्या वेळेला."

इकडचं तिकडे तिने काही केलं नाही. फक्त इकडची वेळ आणि तिकडची वेळ एक ठेवली. त्या रात्री ती प्रार्थनेला बसली तेव्हा काय मागावं ते तिला कळेना, म्हणून नुसतीच बसली. माझा अनुभव असा की तेवढंही पोचतं.

शिंप्याचं घर म्हणजे दुकानच. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापडाचे तुकडे, खुंटीला अर्धे शिवलेले कोट. यंत्र भिंतीला सरकवून खाटेला जागा केलेली. आई नुकतीच दवाखान्यातून आलेली, खुर्चीत पाय पुढे टाकून, तोंड कडू करून बसली होती. आक्का आली. तिने खाट जोडली, डोक्याकडची बाजू वरखाली करून बघितली, पेच हाताने घट्ट केले. आणि खाटेच्या लोखंडी पट्ट्यांकडे बघून शिंप्याला म्हणाली, "गादी कुठाय?"

"येतेय की. तुमच्याच दुकानातून."

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. गुंडाळलेली गादी खांद्यावर, कठडे काखेत आणि भांडं हातात घेऊन बाळ दारात उभा राहिला.

आक्का पुन्हा पेच आवळू लागली, बाळ उंबऱ्यावरच थांबला. शिंप्याला वाटलं, दमले असतील.

"घाला की गादी," तो म्हणाला.

आक्का शिंप्याकडे बघून म्हणाली, "यांना सांगा, गादीचं तोंड डोक्याकडे ठेवायचं."

बाळ शिंप्याकडे बघून म्हणाला, "यांना सांगा, गादी घालायला मी आज शिकत नाही."

शिंपी दोघांकडे बघत राहिला. "तुम्ही एकाच दुकानातले ना?"

"नाही," दोघं म्हणाले.

"असं कसं? मी तर एकाच ठिकाणी मागवलं. ते नारिंगी." त्याने फोन काढून पुढे धरला. बाळ म्हणाला, "हो, ही माझी साइट." आक्का चष्मा सारून म्हणाली, "ही माझी." शिंप्याने बोटाने पान मागे सरकवलं. पुन्हा नारिंगी. पुढे सरकवलं. नारिंगीच. त्याने तिसऱ्यांदा करून बघितलं, आणि दोघांचे चेहरे बघून फोन खिशात टाकला.

"माझा रंग चोरलास," आक्का म्हणाली. हे मात्र शिंप्याकडे बघून म्हणाली, त्यामुळे तो घाबरला.

"मी कशाला चोरू," शिंपी म्हणाला, "मी कापड आणतो ते पावतीने."

खुर्चीतली म्हातारी इतका वेळ ऐकत होती. "भांडण मोठं आहे का रे?" तिने लेकाला विचारलं. "मोठं असेल तर आधी मला निजवा म्हणावं. मी आडवी होऊन ऐकेन."

त्यावर कुणाचं काही चालेना. गादी घातली गेली. मग म्हातारीला उचलायची वेळ आली. आक्का खांद्यांकडे गेली, बाळ गुडघ्यांकडे. वडलांनी शिकवलेलं, कुणी कुठं उभं राहायचं ते पायांना माहीत होतं. "एक, दोन," आक्का म्हणाली, आणि दोनला उचललं. तीन म्हणायचं नाही, कारण तीनच्या आशेने रोगी अंग ताठ करतो. म्हातारी गादीवर टेकली आणि तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

दोघांनी ते बघितलं. आता खाली उतरायला हरकत नव्हती. आक्काने फोन काढला.

"चिमे, कुठं आहेस?"

"खाली जिन्यात."

"वर ये."

चिमणी वर आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"हा रंग मला तू दिलास?"

"तूच मागितलास, आत्या."

"आणि ह्यांना?"

"बाबांनीही मागितला. बरोबर समोरचा."

"आणि माझ्याकडे तोंड उघडलं नाहीस?"

"तू शब्द घेतला होतास. इकडचं तिकडे नाही."

"माझ्याकडे तरी," बाळ म्हणाला.

"तुम्हीही घेतला होतात, बाबा."

"आणि आजची वेळ? ती कुणी दिली?"

"मी दिली. आजी आज घरी येणार होत्या. त्यांना खाट आणि गादी दोन्ही लागणार होतं."

आक्काचा आवाज चढला. "अगं, शब्द पाळायचा म्हणून असा? आजारी माणूस समोर आहे, खाट एकीकडे, गादी एकीकडे, आणि तू शब्द कवटाळून बसतेस? गरज आधी की शब्द आधी, एवढं कळत नाही?"

शिंप्याने उगाच कात्री जागेवर ठेवली.

"आक्का," बाळ हळू म्हणाला, "हेच मी तुला तेव्हा सांगत होतो."

"तू गप्प बस, बाळ."

किती वर्षांनी ती थेट त्याच्याशी बोलली. तो गप्प बसला, आणि बसल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते समाधान होतं, हे लपवायला त्याने भांडं उचलून खाटेखाली सरकवलं.

पण कुणाला तरी रागवायला तर हवंच होतं. इतका राग साठवलेला, तो वाया कसा घालवायचा? एकमेकांवर काढायची वाट त्या "गप्प बस"ने बुजवली होती. दोघं एकदम चिमणीकडे वळले. खांद्याला खांदा लावून, मी मघाशी सांगितलं तसे.

"उद्यापासून माझ्या दुकानात येऊ नकोस," आक्का म्हणाली.

"माझ्याही साइटला हात लावायचा नाही," बाळ म्हणाला.

"इतका आतल्या गाठीचा स्वभाव कुणावर गेलाय?"

"आपल्या घरात कुणी असं नव्हतं."

"आईच्या वळणावर म्हणावं तर तीही सरळ बाई."

"मी जेवायला येऊ ना?" चिमणीने विचारलं. कुणाकडे असं तिने म्हटलं नाही.

दोघं तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने काही खुळ्यासारखं विचारलं. "जेवायला कोण नको म्हणतंय?" आक्का म्हणाली. "ताट काय दुकानातलं असतं?"

"घर ते घर," बाळ म्हणाला.

खाटेवरून म्हातारी म्हणाली, "झालं? मग जरा डोक्याकडून उचला."

दुकानं काही एक झाली नाहीत. तुम्हाला तसं वाटत होतं ना? मलाही वाटत होतं. रंगही दोन्हीकडे तोच राहिला. आक्का म्हणाली, मी थोरली, धाकट्याने बदलावा. बाळ म्हणाला, मी धाकटा, थोरलीने सांभाळून घ्यावं. शिवाय बदलणार कोण? जिला येत होतं तिला तर दोघांनी एकमताने काढून टाकलं होतं. ते त्यांचं कित्येक वर्षांतलं पहिलं एकमत, ते मोडायला दोघांचंही मन होईना.

त्यामुळे मागण्या पूर्वीसारख्याच चुकून इकडच्या तिकडे जातात, आणि त्या परत करायला दोघांना रोज फोन करावा लागतो. कुबड्यांचं बोलणं थोडक्यात आटपतं. मग दोघं चिमणीवर येतात. ती कशी घुमी आहे, कशी हिशेबाने वागते, आपल्याच माणसांना तिने कसं एका जिन्यात गाठलं, हे एकमेकांना सांगताना त्यांना वेळेचं भान राहत नाही. कधीकधी ती तिथेच पाटावर जेवत बसलेली असते. आक्का फोन कानाला लावून तिच्या पापाचा पाढा वाचते आणि दुसऱ्या हाताने तिच्या ताटात वाढते. चिमणी खाली बघून जेवते. हल्ली ती एका छापखान्यात रंग जुळवायचं काम करते. तिथे कुणी तिला उलटा रंग मागत नाही म्हणे.

ती चांगली वागली, असं दोन्ही घरांत आजवर कुणी म्हटलेलं नाही, आणि म्हणेल असं दिसत नाही. आक्काची आणि बाळची आठवण तुम्ही नाही ठेवलीत तरी चालेल, एकमेकांची आठवण ठेवायला आता ते आहेत. पण आज रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की क्षणभर थांबा, आणि दोन घरांच्या रागाखाली मान घालून जेवणाऱ्या त्या पोरीची आठवण काढा.